खाण संपते, गाव उरते

सोलापूरच्या जमिनीखाली सोने नाही, कोळसा नाही, लोखंडही नाही. आहे तो काळा कातळ आणि त्यावर ज्वारी पिकवणारी काळी माती. तेव्हा सोलापूरकरांनी खाणींच्या गावांविषयी लिहावे, हे वाचकांना काहीसे आडवाटेचे वाटेल. आमचे म्हणणे इतकेच की, खाणींच्या गावांचा इतिहास वाचताना आम्हांला पानोपानी आमचेच शहर भेटत गेले.

खाणीचे गाव इतर गावांसारखे वाढत नाही. इतर गावांना नदी असते, बाजार असतो, देऊळ किंवा दर्गा असतो, चार पिढ्यांची शेती असते. त्यांतला एक आधार खचला तर दुसरा सावरून धरतो. खाणीच्या गावाला एकच आधार. बहुधा ते दोन-तीन भाषांच्या सीमेवर, राजसत्तेच्या कडेला, कोणाच्याच घराजवळ नसलेल्या जागी उभे राहते. तेथे आलेला प्रत्येकजण कोठून तरी उठून आलेला असतो. आणि बहुतेक वेळा तो सोन्याच्या लोभाने आलेला नसतो, घरची चूल विझली म्हणून आलेला असतो.

सोलापूर अगदी असे नव्हे. सिद्धरामेश्वरांचे हे क्षेत्र जुने आहे, भुईकोट किल्ला जुना आहे, पेठा जुन्या आहेत. परंतु आज ज्याला आपण सोलापूर म्हणतो, ते शहर १८६० साली आगगाडी आली आणि १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, तेव्हापासूनचे. मोरारजी गोकुळदास यांनी काढलेली ही गिरणी. लोकांनी पुढे तिला ‘जुनी मिल’ म्हटले आणि तेच नाव टिकले. गिरणी उभी राहिली ती १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाच्या ऐन मध्यावर. ज्या मुलखात माणसाला खायला ज्वारी नाही आणि गुराला कडबा नाही, त्या मुलखात गिरणीच्या दारावर माणसे कमी पडण्याचे कारण नव्हते. पुढे नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी आली, विष्णू आली, जाम मिल आली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, दक्षिणेकडून कानडी बोलणारे आले, आजूबाजूच्या तालुक्यांतून मराठी शेतमजूर आले. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबेही अशीच कोणी रेल्वेच्या मागे, कोणी गिरणीच्या मागे, कोणी शाळेतील नोकरीच्या मागे येथे येऊन स्थिरावली. सोलापूरकराच्या तोंडी एकाच वाक्यात तीन भाषा येतात, त्याचे मूळ येथे आहे. या शहराला खनिज लाभले नाही. पण दुष्काळाने उठवलेल्या माणसांच्या कष्टाची जी शीर येथे लागली, ती शंभर वर्षे खणली गेली.

आणि मग ती खाण बंद पडली. जुनी मिल आधीच गेली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस इतर मोठ्या गिरण्यांचे भोंगेही एकामागून एक थांबले. म्हणून जो प्रश्न खाणीच्या गावांना पडतो, तोच आमच्याही दाराशी येऊन उभा आहे. काम संपल्यानंतर, त्या कामासाठी गोळा झालेल्या माणसांचे आणि त्यांच्या गावाचे कोणी काही देणे लागतो का? लागत असेल, तर ते कोण आणि कशापोटी? कामगाराला दर पगाराच्या दिवशी ठरलेली मजुरी मिळाली होती. तेवढ्याने हिशेब पूर्ण होतो का?

महाराष्ट्रातील पहिल्या खाणगावांपैकी एक म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा. तेथे सरकारने १८७० च्या दशकात कोळशाची खाण सुरू केली. त्या कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग घातला गेला. १९०६ साली खाण बंद झाली. लोहमार्ग मात्र राहिला. तो पुढे बल्लारपूरकडे सरकला, आणि १९२९ साली काझीपेठेला जोडला जाऊन दिल्ली-मद्रास या मुख्य मार्गाचा भाग झाला. म्हणजे जो कोळसा तीसेक वर्षांत संपला, त्याने आखलेल्या वाटेवरून आजही देशाच्या उत्तर-दक्षिण गाड्या धावतात. वरोरा गाव मेले नाही. त्याला कापसाचा बाजार होता, शेती होती. पुढे १९४९ साली याच वरोऱ्यात बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि गावाबाहेरच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले. खाणीने जेथून पाय काढला तेथेच, समाजाने टाकून दिलेल्या माणसांनी विहीर खणून, माती सावरून पीक काढले, ही गोष्ट आम्हांला नेहमीच विचारात पाडते. पण ते खाणीचे श्रेय नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

वरोऱ्याच्या खाणकामगारांचे पुढे काय झाले, याची दखल गावाच्या इतिहासात फारशी येत नाही. काही दक्षिणेला बल्लारपूरच्या नव्या खाणींकडे गेले असतील, काही शेतमजुरीला परतले असतील. इतिहासात कोळशाचे टन नोंदले जातात, रुळांचे मैल नोंदले जातात. खाण बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस कोठे गेला, याचा रकाना कोणत्याच वहीत नसतो.

ज्या गावात तो रकाना डोळ्यांनी वाचता येतो, असे गाव आमच्याच लोहमार्गावर दक्षिणेला आहे. सोलापूरहून वाडी, गुंतकल करत गाडी बंगळूरला पोचते. तेथून शंभर किलोमीटरच्या आत कोलार सुवर्णक्षेत्र, म्हणजे के.जी.एफ. अलीकडच्या दोन चित्रपटांमुळे हे नाव घरोघरी गेले आहे. त्या चित्रपटांतील मारामाऱ्यांचा तेथील खऱ्या माणसांशी फारसा संबंध नाही, एवढे सांगून आम्ही पुढे जातो.

१८८० साली जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने येथे काम हाती घेतले. मजूर आले ते मुख्यतः तमिळ मुलखातून, उत्तर अर्काट आणि सेलम भागांतून. त्यांतील बहुसंख्य दलित. गावी जमीनदाराच्या शेतावर राबणे आणि वेशीबाहेर राहणे, हे ज्यांच्या वाट्याला आलेले होते, त्यांनी पृथ्वीच्या पोटात उतरणे पत्करले. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथून दीडशे किलोमीटरच्या आसपास तारा ओढून या खाणींना वीज आणली गेली. तेव्हा हिंदुस्थानातील बहुतेक नगरांत विजेचा दिवा नव्हता. चॅम्पियन रीफची खाण खाली जात जात तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेली. तेथे खडक इतका तापलेला असे की, माणसाने काम करावे म्हणून वरून थंड केलेली हवा सोडावी लागे. खोलवरच्या दाबाने खडक अवचित फुटत, आणि त्यात माणसे जात. याच खोल अंधारात १९६५ साली शास्त्रज्ञांनी वातावरणातून येणाऱ्या न्यूट्रिनो कणांची नोंद केली. ती जगातील पहिल्या अशा नोंदींपैकी होय.

वर, उजेडात, टुमदार बंगले होते, क्लब होता, गोल्फचे मैदान होते. लोक त्याला ‘छोटे इंग्लंड’ म्हणत, आणि जुन्या आठवणींत रमणारे अजूनही म्हणतात. या नावाचे आम्हांला नेहमी नवल वाटते. बंगल्यांत राहणारे थोडे, आणि तट्ट्याच्या व पत्र्याच्या खोल्यांत राहणारे हजारो; मग त्या गावाचे नाव थोड्यांच्या घरावरून का पडावे? त्या खोल्यांच्या रांगांत देवळे उभी राहिली, मशिदी उभ्या राहिल्या, चॅम्पियन रीफला विजयमातेचे चर्च उभे राहिले. तेथे संघटना झाल्या, वाचनालये झाली, मुले शिकली. चार पिढ्यांनंतर त्यांना विचारले असते की तुमचे गाव कोणते, तर त्यांनी अर्काटचे नाव घेतले नसते.

१९५६ साली खाणी सरकारच्या ताब्यात आल्या, आणि १९७२ पासून त्या भारत गोल्ड माइन्स या केंद्र सरकारच्या कंपनीकडे होत्या. सोन्याची शीर खोल आणि विरळ होत गेली. खर्च वाढत गेला. मात्र तोटा मोजताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ती अशी की, सरकारी मालकीच्या काळात बरीच वर्षे हे सोने खुल्या बाजारातील भावाहून कमी अशा ठरीव दराने सरकारच्या स्वाधीन केले जात होते. जे दुकान आपला माल घरच्यांना कमी दराने देते, त्याची वही तोट्याची दिसणारच. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद करण्यात आल्या. सुमारे एकशेवीस वर्षांत तेथून आठशे टनांच्या वर सोने निघाले होते. मागे उरले ते सायनाइडने धुतलेल्या मातीचे डोंगर. तीन कोटी टनांहून अधिक माती. वारा सुटला की ती घराघरांत शिरते. आता या ढिगांतूनच पुन्हा सोन्याचे कण काढण्याची भाषा सुरू आहे. आणि माणसे? पहाटे मारीकुप्पमहून सुटणाऱ्या गाड्यांनी हजारो माणसे बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परत येतात. रोजचे चार-पाच तास प्रवासात घालवतील, पण गाव सोडणार नाहीत.

व्यवहारी माणूस येथे म्हणेल, आणि त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही, की यात अन्याय कोठे झाला? कोणी कोणाला बांधून आणले नव्हते. कामगार आपखुशीने आला, मजुरी ठरली, ती मिळाली. शीर आटली तर कंपनीने काय करावे? रिकाम्या कातळात माणसे उतरवून त्यांना पगार द्यावा काय? तसे केले तर तो पैसा शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून येणार. गावे वसतात आणि उठतात. मोहेंजोदडो उठले, हंपी उठले. कोणतेही गाव कायम राहण्याचा हक्क घेऊन जन्माला येत नाही.

यातील बराच भाग आम्हांला मान्य आहे. आटलेली शीर खणत राहणे हा धर्म नव्हे. परंतु या युक्तिवादाचा पाया ‘आपखुशीने’ या एका शब्दावर आहे, आणि तो शब्द आम्हांला पोकळ वाटतो. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर जे परिपत्रक काढले, त्याचा गाभा याच शब्दाच्या पारखीत आहे. मालक आणि मजूर यांच्यात करार झाला, दोघांनी मान्य केला, म्हणून तो न्याय्य होतोच असे नाही. कारण कराराहून जुना आणि कराराहून थोर असा एक नैसर्गिक न्याय आहे. ज्याच्या घरात दाणा नाही, त्याची ‘हो’ ही भुकेने वदवलेली ‘हो’ असते. सत्त्याहत्तरच्या दुष्काळात गिरणीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाने मजुरीची घासाघीस केली असेल, असे आम्हांला वाटत नाही.

याहून सूक्ष्म असा दुसरा मुद्दा आहे. मजुरी हा दिवसाचा मोबदला आहे. आज आठ किंवा दहा तास राबलो, त्याचे एवढे पैसे. पण खाणीला किंवा गिरणीला कामगाराकडून फक्त दिवस हवे नव्हते. तो कायमचा येऊन राहावा, त्याने बायको-मुले आणावीत, त्याच्या मुलानेही पुढे त्याच दारातून आत यावे, असे तिला हवे होते. नाहीतर अनुभवी हात मिळाले नसते. गाव वसवणे ही मालकाची गरज होती. आणि जो गाव वसवतो, तो काही मागे सोडून आलेला असतो. त्याची गावची जमीन भावकीत जाते, घर पडते, पुढच्या पिढीला तेथले कोणी ओळखत नाही. एकच कसब हाताला लागते आणि दुसरी सारी विसरली जातात. खाणीत दगडाची धूळ छातीत बसते, गिरणीत कापसाची तूस बसते. पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडे नवे काम कोण देणार? यांतील एकाही गोष्टीचा मोबदला पगाराच्या पाकिटात नव्हता. दिवसाचे पैसे दिवसाला मिळाले, परंतु परतीची वाट जी मोडली, तिचे पैसे कोणी कधी मोजलेच नाहीत. देणे उरते ते येथे.

हा प्रश्न केवळ आमच्या मनातला नाही. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी पहिल्याच वर्षी जे खटले आले, त्यांत आमच्या जुन्या मिलचा खटला होता, हे सोलापुरातील फार थोड्यांना ठाऊक असते. ऑगस्ट १९४९ मध्ये व्यवस्थापनाने गिरणी बंद केली. जानेवारी १९५० मध्ये, राज्यघटना अमलात येण्याच्या काही दिवस आधी, केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला. पुढे त्याचा कायदा झाला. वटहुकमात कारण दिले होते ते गैरव्यवस्थापनाचे: त्यामुळे जीवनावश्यक मालाच्या उत्पादनाला धक्का बसला आणि लोकांत मोठी बेकारी झाली. एक भागधारक न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे, देशात इतक्या गिरण्या असताना आमच्याच गिरणीसाठी वेगळा कायदा का? डिसेंबर १९५० मध्ये पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी त्याची मागणी फेटाळली, दोघांनी विरोधी मत दिले. पुढे दुसऱ्या एका भागधारकाने पुन्हा दाद मागितली. डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने त्याच कायद्याविरुद्ध निकाल दिला, कारण भरपाई न देता मालमत्ता काढून घेण्यासारखे ते होते.

घटनेच्या अभ्यासकांना या निकालांत मूलभूत हक्कांचा अर्थ दिसतो, आणि तो आहेही. आम्हांला मात्र त्यात एक रिकामी खुर्ची दिसते. भागधारक होता, कंपनी होती, सरकार होते. भागधारकाचा हक्क काय, हे तपासण्यासाठी देशातील उत्तमोत्तम कायदेपंडितांनी दिवसचे दिवस वाद घातला. ज्यांच्या बेकारीच्या नावाने तो कायदा झाला, ते कामगार त्या वादात पक्षकार नव्हते. कायद्याच्या प्रास्ताविकात त्यांचा उल्लेख कारण म्हणून आला. हक्कदार म्हणून आला नाही. एक शेअर विकत घेणाऱ्याची गिरणीत मालकी असते. तीस वर्षे मागावर उभा राहिलेल्याची तिच्यात काहीच नसते? आम्ही न्यायाधीशांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे जो कायदा होता त्यात दुसरे काही बसत नव्हते. पण आपल्या मालकीच्या कल्पनेतच काही अपुरे आहे, असा संशय तेथे येतो. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रमाविषयीच्या परिपत्रकात श्रमाला भांडवलाच्या आधीचे स्थान दिले. स्वतः पोलंडमध्ये दगडाच्या खाणीत काम केलेल्या माणसाने ते लिहिले होते. भांडवल हे तरी काय असते, तर आधीच्या माणसांनी केलेल्या श्रमाची साठवण.

त्याच परिपत्रकात आणखी एक विचार आहे, तो आमच्या प्रश्नाला थेट भिडतो. पगार देणारा हा प्रत्यक्ष मालक. परंतु कामाच्या अटी ज्या सर्वांमुळे ठरतात, ते सरकार, बाजार, संस्था, ग्राहक, हे सारे अप्रत्यक्ष मालक. हे मान्य केले तर ‘देणे कोणाचे?’ याचे उत्तर फार लांबवर जाते. के.जी.एफ.चे सोने ज्या तिजोरीत गेले, ती देशाची तिजोरी होती. वरोऱ्याच्या कोळशाने आखलेल्या वाटेवरून आम्ही सारे प्रवास करतो. गिरणीच्या पगारावर सोलापुरातील वाणी जगला, डॉक्टर जगला, शाळा चालल्या. चर्चमधील दानपेटीतही तोच पैसा आला. मालक गेला म्हणून बोट त्याच्याकडे दाखवणे सोपे आहे. सगळेच देणेकरी ठरले की कोणीच देत नाही, ही या विचारातली अडचणही आम्ही नाकारत नाही. म्हणून प्रत्येकाचा वाटा त्याला झालेल्या लाभावरून ठरावा, एवढी सुधारणा आम्ही सुचवू. ज्याने अधिक नेले त्याने अधिक द्यावे.

हे केवळ प्रवचन नाही, याचे एक उदाहरण गोव्यात घडले आहे. डिचोली, सांगे, केपे या तालुक्यांतील लोहखनिज पोर्तुगीज अमदानीपासून परदेशी जात होते. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेथील खाणकाम थांबवले, आणि २१ एप्रिल २०१४ च्या निकालात ते पुन्हा सुरू करण्याची वाट देताना एक अट घातली की, विकलेल्या खनिजाच्या किमतीचा दहावा हिस्सा एका कायम निधीत ठेवावा, आणि तो पुढच्या पिढ्यांसाठी असावा. खनिज ही मिळकत नव्हे, ती वडिलोपार्जित ठेव आहे. ती विकून आलेला सगळा पैसा एकाच पिढीने खाल्ला, तर ती नातवंडांची चोरी होय, असा त्यामागचा विचार. पुढे २०१८ मध्ये अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचे नूतनीकरण न्यायालयाने रद्द केले आणि मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, खानावळवाले यांची जी ओढाताण झाली, ती गोव्यात नातेवाईक असलेल्या आमच्या वाचकांना ठाऊक आहे. निधीचा विचार फार उशिरा आला; पहिल्या टनापासून असा हिस्सा बाजूला पडला असता तर? जुन्या करारात लेवीयच्या पुस्तकात शेतकऱ्याला आज्ञा आहे की, शेताच्या कडा कापू नयेत, त्या गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राखाव्यात. ही आज्ञा पीक उभे असताना पाळायची आहे. कापणी उरकल्यावर कडा शिल्लक राहत नाहीत.

आता जे लिहायचे आहे ते आम्हां सोलापूरकरांना थोडे अवघड जाईल. आमच्या गिरण्यांत राबणाऱ्यांत आणखी एक वर्ग होता. ब्रिटिश सरकारने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवले होते. त्या वस्तीला ‘सेटलमेंट’ म्हणत. कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींतील माणसे हजेरी देऊन गिरणीत कामाला जात आणि हजेरीसाठी परत येत. मिशनरी मंडळींनीही या वसाहतींच्या कारभारात भाग घेतला होता. सुधारणेचा हेतू त्यांच्या मनात असेल. कुंपण मात्र कुंपणच होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉला तोंड देणारे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चार पुत्र १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर देणारे आमचे शहर. त्याने आपल्याच आत असलेल्या त्या तारांविषयी किती विचार केला? गिरणी बंद पडल्यावर कामगार म्हणून आपण न्याय मागितला तो योग्यच होता. पण त्याच गिरणीत, त्याच साच्यांवर, आपल्याहूनही कमी ‘आपखुशीने’ आलेला माणूस उभा होता, आणि त्याच्या देण्याचा हिशेब आपण मागितला नाही. अन्याय सोसलेल्या गावाच्या पोटातही असे लहान अन्याय असतात. के.जी.एफ.च्या बंगल्यांकडे बोट दाखवताना आम्हांला हे आठवत राहते.

गिरण्या गेल्या तरी सोलापूर के.जी.एफ.सारखे ओस पडले नाही, याचे कारण हातातील कसब. सोने खणणाऱ्याचे कौशल्य सोन्याशिवाय निरुपयोगी ठरते. विणकराचे तसे नाही. पूर्व भागातील घराघरांत यंत्रमाग बसले, सोलापुरी चादर आणि टॉवेल यांनी गिरणीनंतरही शहराचे नाव राखले, आणि २००५ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. घरातल्या बायकांनी विड्या वळल्या. सुपात पान आणि तंबाखू घेऊन उंबऱ्याशी बसलेल्या या स्त्रियांनी किती कुटुंबे तारली, याची गणती कोणी केलेली नाही. आणि तंबाखूची तीच धूळ त्यांच्या छातीत गेली, तिचाही हिशेब वर म्हटलेल्या हिशेबातच धरला पाहिजे.

याच स्त्रियांनी आपल्या देण्यापैकी काही भाग वसूल केला, हेही सांगितले पाहिजे. शहराबाहेर कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. त्यानंतर त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आखले गेले. त्यांपैकी पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुपूर्द झाली. या दोन्ही वसाहतींमागे नरसय्या आडम आणि त्यांच्या लाल बावट्याच्या संघटनेचा अनेक वर्षांचा लढा होता. आमचे आणि त्यांचे देवाविषयी एकमत होणार नाही. परंतु घर मिळालेल्या बाईच्या हातातील किल्ली पाहिली की तो वाद तूर्त बाजूला ठेवावासा वाटतो.

घरे मिळाली ती शहरापासून दूर. तेथून कामाला यायचे तर रिक्षाचे भाडे पडते, मुलांची शाळा बदलावी लागते, दवाखाना लांब राहतो. शहराच्या मध्यावर, जेथे या स्त्रियांचे आजे-पणजे भोंग्याच्या वेळेला धावत येत, तेथील गिरण्यांच्या जमिनींना आज मोठा भाव आहे. तो भाव त्या जमिनीला कोणामुळे आला, हे विक्रीच्या कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. सोलापुरातील माणूस मात्र अजूनही पत्ता सांगताना ‘जुन्या मिलपाशी’ असेच म्हणतो, आणि रिक्षावाला न विचारता तेथे नेऊन सोडतो.